साप, पाली, बेडूक फील्ड गाइडवरून ओळखताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून लागला की मेसेज सुरू होतात, "हा कोणता?" आणि खाली एक हललेला फोटो. सगळ्यांना वेगवेगळं उत्तर देण्यापेक्षा जे प्रश्न परत परत येतात ते एकाच ठिकाणी घेतले आहेत. फील्ड गाइड म्हणजे प्राणी ओळखायला सोबत ठेवायचं सचित्र पुस्तक, खाली नुसतं "पुस्तक" म्हटलंय ते हेच. उदाहरणं बहुतेक महाराष्ट्रातली आहेत. आणि साप चावलेला असेल तर बाकी काही वाचू नका, सरळ प्रश्न 16 बघा.

1. मोबाईलवर ॲप आहे, फोटो टाकला की नाव येतं, मग पुस्तक कशाला घ्यायचं?

ॲप वापरा, मी पण वापरतो. पण ॲप नाव देतं, कारण देत नाही. पुस्तकात त्या नावाच्या शेजारी लिहिलेलं असतं की हा ज्याच्यासारखा दिसतो तो दुसरा कोण आणि दोघांत फरक कुठे बघायचा, आणि सापांच्या बाबतीत सगळा खेळ तिथेच आहे. ॲपने बिनविषारी "कवड्या" सांगितलं आणि साप जहाल विषारी मण्यार निघाला तर ॲपचं काही जात नाही. ॲपचं उत्तर हा पहिला अंदाज समजायचा आणि मग पुस्तक उघडून तो खोडता येतो का बघायचं. खोडता आला नाही तर ठीक.

2. पुस्तक आणलंय, सुरुवात कुठून करू? फोटो चाळत जायचं का?

सगळे तेच करतात आणि तिथेच फसतात. फोटो चाळत गेलं की डोळा रंगाला भुलतो आणि तिसऱ्या-चौथ्या पानावरच "हाच तो" होतं. आधी पुस्तकाची पहिली वीस-तीस पानं वाचा, जी कोणीच वाचत नाही. डोक्यावरच्या खवल्यांची आकृती, बेडकाच्या पायाची आकृती, कुठल्या भागाला काय म्हणतात हे सगळं तिथे असतं.

मग प्राणी दिसला की क्रम असा ठेवा : कुठे दिसला, किती वाजता, जमिनीवर की झाडावर की पाण्यात, अंग जाड की सडपातळ, डोकं मानेपासून वेगळं दिसतं का, शेपूट लांब की आखूड, खवले गुळगुळीत की खरखरीत, मग नक्षी आणि सगळ्यात शेवटी रंग. पुस्तक उघडायच्या आधी हे मनात नाहीतर वहीत नोंदवून ठेवा, कारण एकदा फोटो बघितला की आपल्याला काय दिसलं होतं ते आपोआप त्या फोटोसारखं व्हायला लागतं.

3. रंग एवढा वेगळा दिसतो, मग शेवटी का?

कारण एकाच जातीत रंग वाटेल तसा बदलतो. धामण पिवळसर, तपकिरी, राखाडी, जवळजवळ काळी, कशीही असते. नाग गव्हाळ असतो, काळा असतो, फण्यावर चष्म्याची खूण ठसठशीत असते, पुसट असते किंवा नसतेच. कात टाकायच्या आधी कुठलाही साप मळकट होतो आणि डोळे दुधाळ निळसर होतात, त्याला लोक "निळ्या डोळ्याचा दुर्मिळ साप" म्हणून पाठवतात. बेडकांमध्ये तर विचारूच नका (प्र. 12).

4. त्रिकोणी डोकं आणि मांजरासारखी उभी बाहुली म्हणजे विषारी, हे तरी पक्कं ना?

नाही. नागाची बाहुली गोल असते. मण्यारीचा अख्खा डोळा काळा, बाहुली दिसतच नाही. दोघांचंही डोकं त्रिकोणी नाही. उलट अजगराची बाहुली उभी, मांजऱ्याची उभी आणि डोकंही मानेपेक्षा चांगलंच रुंद, आणि माणसाच्या जिवाला दोघांपासून विषाचा धोका नाही. दिवड चिडली की डोकं आणि मान चपटी करते तेव्हा तीही त्रिकोणीच दिसते. हा नियम घोणस, फुरसे, चापडा या विषारी सापांना लागतो, आणि महाराष्ट्रात रात्री झोपेत चावणारी मण्यार त्यातून अलगद सुटते, म्हणून मला हा नियम निरुपयोगीच काय, घातक वाटतो. "पट्टे म्हणजे विषारी" हाही त्याच लायकीचा.

5. मण्यार की कवड्या? कितीही वेळा वाचलं तरी गोंधळ होतो.

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, त्यामुळे इथे जरा सविस्तर. दोघेही रात्री फिरणारे, दोघेही घरात येणारे, दोघेही गडद अंगावर पांढरे आडवे पट्टे असलेले.

पट्टे कुठून सुरू होतात ते आधी बघा. कवड्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात, पुढच्या भागात ठळक असतात आणि शेपटीकडे विरत जातात. मण्यारीचं उलटं, मानेमागचा बराच भाग बिनपट्ट्याचा किंवा नुसते ठिपके, आणि मागे जाल तसे पट्टे स्पष्ट होत जातात, बऱ्याचदा दोन-दोनच्या जोडीने. कवड्याचा पट्टा कुशीवर खाली येताना रुंद होतो, फाटे फुटून जाळीसारखा होतो. मण्यारीचा पट्टा बारीक आणि नेटका. अंगाची चमकही वेगळी, मण्यार निळसर काळी चकचकीत आणि कवड्या तपकिरीकडे झुकणारा.

मग पाठीचा कणा. मण्यारीच्या पाठीवर बरोबर मधोमध खवल्यांची एक रांग असते, ते खवले बाजूच्या खवल्यांपेक्षा मोठे आणि षटकोनी. हे फोटो झूम करून दिसतं, आणि दिसलं की वाद संपला, कारण कवड्याच्या पाठीवर सगळे खवले सारखेच असतात. मेलेला साप किंवा कात असेल तर शेपटीची खालची बाजू बघा, मण्यारीत तिथले खवले अखंड असतात, कवड्यात दोन भागांत विभागलेले.

आता अपवाद. मण्यारीच्या पिल्लांत पट्टे पुढपर्यंत येतात, तेव्हा पहिला नियम गेला. अजिबात पट्टे नसलेली काळी मण्यारही मिळते, बिनपट्ट्याचा तपकिरी कवड्याही मिळतो. लांबीचा थोडा उपयोग होतो, कवड्या बहुतेक दोन फुटांच्या आत आणि मण्यार तीन-चार फूट, पण मण्यारीचं पिल्लूही दोन फुटांच्या आतच असणार ना. भिंतीवर, खिडकीच्या जाळीवर चढलेला बहुतेक वेळा कवड्या निघतो, पण "बहुतेक वेळा"वर हात घालायचा नसतो. म्हणून कण्यावरची रांग दिसली नाही तर उत्तर "माहीत नाही" आणि वागायचं मण्यार आहे असं समजून.

6. "अजगराचं पिल्लू सापडलंय", हे पिल्लूच आहे ना?

फोटो बघितल्याशिवाय हो म्हणणार नाही, कारण अजगराचं पिल्लू म्हणून उचललेली घोणस ही आपल्याकडची जुनी गोष्ट आहे. घोणशीच्या पाठीवर लंबगोल ठिपक्यांच्या तीन रांगा असतात, ठिपक्यांना काळी आणि त्याबाहेर पांढरट कडा, मधली रांग कधीकधी साखळीसारखी जुळलेली. अजगराचे डाग मोठे, वेडेवाकडे, रांग अशी नसतेच, आणि अंग गुळगुळीत चमकदार. घोणशीच्या डोक्यावर बारीक बारीक खरखरीत खवले असतात, नाकपुडी मोठी असते आणि चिडली की कुकरच्या शिट्टीसारखा आवाज काढते जो बराच वेळ थांबत नाही.

तिसरा भिडू डुरक्या घोणस. नावात घोणस आहे म्हणून बिचारा मार खातो, पण बिनविषारी आहे, मांडुळाचा भाऊबंद. याचे खवलेही खरखरीत असतात, त्यामुळे फक्त "खरखरीत आहे म्हणजे घोणस" असं करू नका. याचं डोकं मानेपासून वेगळं दिसत नाही, शेपूट एकदम आखूड, आणि डाग एकमेकांत मिसळलेले.

7. फुरसे आणि मांजऱ्या कसे वेगळे करायचे?

डोक्याचा वरून काढलेला फोटो हवा. फुरशाच्या डोक्यावर बाणासारखी फिकट खूण आणि सगळे खवले बारीक, खरखरीत. मांजऱ्याच्या डोक्यावर इंग्रजी वायसारखी खूण आणि मोठे, ठोकळेबाज खवले. फुरसे वेटोळं करून अंग अंगावर घासतं, त्याचा खर्रर्र आवाज येतो. मांजऱ्या सडपातळ, लांब शेपटीचा, झाडाझुडपांत चढणारा. आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे दगडाखाली वितभर साप दिसला तर "एवढंसं आहे" म्हणून सोडून देऊ नका, कोकणातलं फुरसे पूर्ण वाढलं तरी लहानच असतं.

8. पुस्तकात "17 रांगा" असं लिहिलंय, जिवंत सापाचे खवले मोजायचे कसे?

मोजायचे नाहीत. ते आकडे अभ्यासकांसाठी, मेलेल्या नमुन्यासाठी आणि कातीसाठी आहेत. साप पकडून खवले मोजणं धोक्याचं तर आहेच, शिवाय वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली सापांना संरक्षण आहे आणि परवानगीशिवाय पकडणं गुन्हा आहे. घरात साप आला असेल तर वन विभागाची हेल्पलाइन 1926 किंवा गावातले नोंदणीकृत सर्पमित्र.

पण काही खवले लांबून घेतलेल्या चांगल्या फोटोतही दिसतात आणि ते शिकून घेण्यासारखे आहेत. डोक्यावर मोठे ठोकळे आहेत की बारीक दाणे हे एक. वरच्या ओठावरचे खवले हे दुसरं. फणा न काढलेला नाग आणि धामण यांत लोक नेहमी अडकतात, तिथे ओठ बघा : धामणीच्या ओठांवर खवल्यांच्या सांध्यात काळ्या उभ्या रेघा असतात, आणि नागाच्या वरच्या ओठाचा तिसरा खवला एवढा मोठा असतो की तो डोळ्यालाही टेकतो आणि नाकपुडीच्या खवल्यालाही. एकदा बघितलं की परत चुकत नाही. (आणि नाग-धामणीचं जुळतं वगैरे काही नसतं. एकमेकांना पीळ घालून उभे राहिलेले दोन साप दिसतात ना, ती बहुतेक वेळा दोन नर धामणींची कुस्ती असते.)

9. घराच्या मागे कात सापडली, त्यावरून कळेल का?

बऱ्याचदा कळतं, आणि शिकायला यासारखं साधन नाही, चावत नाही आणि पळत नाही. कात उलटी निघते हे लक्षात ठेवा, मोजा उलटा काढल्यासारखी, म्हणजे आतली बाजू बाहेर. डोक्याचा भाग शाबूत असेल तर आधी तो जपा, कोमट पाण्यात दोन मिनिटं ठेवून हळूच पसरा, वर्तमानपत्रावर ठेवा. डोक्याचे ठोकळे, कण्यावरची रांग, शेपटीखालचे खवले सगळं प्रश्न 5 आणि 8 प्रमाणे तपासता येतं. पाठीच्या रांगा मोजायच्या तर लांबीच्या मध्यावर, पोटाचा रुंद खवला सोडून, एका बाजूने दुसऱ्या बाजूला तिरकं मोजत जायचं. कवड्यात 17 येतात, मण्यारीत बहुतेक 15.

लांबीवर मात्र विश्वास नको. कात ताणली जाते, सहा फुटी कातीतला साप सहा फुटांचा नसतो. रंगही जवळजवळ राहत नाही, नक्षीची पुसट सावली असते तेवढीच.

10. ओळखून हवं असेल तर फोटो कसा पाठवू?

दोन-तीन मीटर लांबून, झूम करून. अख्खं अंग एका फोटोत, डोकं वरून, डोकं बाजूने, शेपटीचं टोक. फोटो एडिट करू नका, फिल्टरने रंग पार बदलतो. गाव, तालुका, तारीख, वेळ आणि जागा (विहीर, गोठा, गवत, बाथरूम) लिहा. हे लिहिलंत तर निम्मं काम झालं, कारण "महाराष्ट्र" एवढंच लिहिलेला फोटो आंबोलीचा आहे की अकोल्याचा हे मला कसं कळणार. आणि काठीने दाबून धरलेल्या सापाचा फोटो पाठवू नका.

11. नकाशात माझा जिल्हा रंगवलेलाच नाही, म्हणजे तो साप इथे नसणार का?

नकाशा शक्यता सांगतो. पट्टेरी मण्यार, काळ्या-पिवळ्या रुंद पट्ट्यांची, आपल्याकडे पूर्व विदर्भात गडचिरोली-चंद्रपूर बाजूला मिळते. पुण्यात कोणी "पट्टेरी मण्यार" म्हणालं तर मी आधी दुसरं काहीतरी शोधेन. मलबारी चापडा सह्याद्रीतल्या दमट जंगलाचा, तो मराठवाड्यात दिसला म्हणणाऱ्याला फोटो मागायचाच. पण लाकूड, भाजी, रोपं भरलेल्या ट्रकमधून साप-पाली कुठेही जातात, आणि काही जिल्ह्यांत कोणी नीट बघितलेलंच नाही म्हणून नकाशा कोरा असतो. नकाशाबाहेरचं काही सापडलं तर पुरावा तेवढाच भक्कम लागतो, एवढंच.

12. बेडूक ओळखायला कुठून सुरुवात करू? सगळे सारखेच दिसतात.

पाय बघा. बोटांच्या टोकाला गोल चकत्या आहेत का, पडदा किती आहे, टाचेपाशी माती उकरायचं फावड्यासारखं उंचवट्याचं हत्यार आहे का. मग डोळ्यामागची कानाची चकती, पाठीवर दोन बाजूंना लांब घड्या आहेत का, कातडी गुळगुळीत की फोडफोड. रंग इथे अजिबात धरू नका. बाथरूममध्ये येणारा वृक्षबेडूक सकाळी फिकट आणि संध्याकाळी गडद तपकिरी असतो, तोच बेडूक. दरवर्षी पहिल्या मोठ्या पावसात "पिवळेजर्द परदेशी बेडूक" म्हणून जे व्हिडिओ फिरतात ते आपल्याच मोठ्या बेडकाचे नर, विणीपुरते पिवळे होतात, गालाच्या पिशव्या निळ्या, आणि नंतर परत शेवाळी-तपकिरी.

भेक त्यातल्या त्यात सोपा : कोरडी, फोडांची कातडी, डोक्यावर काळ्या कडा आणि डोळ्यामागे फुगलेल्या ग्रंथी.

फोटोपेक्षा आवाज जास्त कामाचा. नर आपल्याच जातीच्या मादीसाठी ओरडतो, त्यामुळे प्रत्येक जातीची हाक वेगळी असते. मोबाईलवर अर्धा मिनिट रेकॉर्ड करा, टॉर्च बंद करून, पाच मिनिटं गप्प बसून. भातखाचरात टिरटिरणारे जे छोटे बेडूक असतात त्यांच्या जाती नुसत्या फोटोवरून सांगणारा माणूस अंदाज करतोय एवढं धरून चाला, तिथे नोंद कुळापर्यंत करायची आणि थांबायचं. बेडकांची पिल्लं, म्हणजे शेपटीवाले टॅडपोल, याच्याहून अवघड, तोंडाची रचना भिंगाखाली बघावी लागते.

13. पाल आणि सरडे सोपे असतील ना?

घोरपड सोपी. सापसुरळी "साप" म्हणून पाठवू नका, पाय आहेत बघा. बाकी सोपं नाही. घरातल्या पालींमध्ये बोटाखालच्या पट्ट्या आणि नराच्या मांडीखालच्या छिद्रांची संख्या बघावी लागते, म्हणजे भिंतीवरच्या पालीचा वरून काढलेला फोटो पुरत नाही. काचेवर बसली असेल तर मात्र पलीकडून पोटाचा आणि पायांचा फोटो घ्या, एवढी सोय परत मिळत नाही.

सरड्यांमध्ये गळ्याला रंगीत पंखा असलेले जे छोटे सरडे पठारावर दिसतात, ते जुन्या पुस्तकात सरसकट एकाच नावाखाली आहेत. 2016 मध्ये त्यांची फेरमांडणी झाली आणि साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावरचा निळा-काळा-केशरी पंख्याचा सरडा सराडा सुपर्बा या नावाने वेगळा झाला. पंखा फक्त नराला, आणि रंग विणीच्या दिवसांत, एप्रिल ते जूनच्या सुमारास. मादी बघून जात सांगायची तर जागेवरच भिस्त (प्र. 11).

14. पुस्तकात एक नाव, ॲपमध्ये दुसरंच. कोण चुकतंय?

बहुतेक वेळा कोणीच नाही, पुस्तकाचं साल बघा. दिवडीचं झेनोक्रोफिस पिस्केटर होतं ते आता फाउलिया पिस्केटर आहे. गवत्या मॅक्रोपिस्थोडॉनमधून ऱ्हॅब्डोफिसमध्ये गेला. चापडा ट्रायमेरेसुरस होता, आता क्रॅस्पेडोसेफॅलस. भेक बुफो होता, आता डट्टाफ्रायनस. ही नुसती पाटी बदलली, प्राणी तोच.

खरी अडचण जिथे एकाचे अनेक झाले तिथे येते. हरणटोळ आपण सगळे अहेतुला नासुटा म्हणायचो, 2020 मध्ये ते नाव श्रीलंकेतल्या सापापुरतं राहिलं, उत्तर सह्याद्रीतला बोरिअॅलिस झाला आणि मैदानी भागातला ऑक्सिऱ्हिंका. म्हणजे जुन्या पुस्तकातून लिहिलेली तुमची जुनी नोंद आता जागा माहीत असेल तरच सुधारता येते. पुस्तक फेकू नका, पेन्सिलने समासात नवीन नाव लिहा. दुसऱ्याचं जुनं पुस्तक असेल तर चिकटचिठ्ठी.

मराठी नावांनी गोंधळ वाढतो तो वेगळाच. दिवड, पाणदिवड, विरोळा ही एकाच सापाची नावं, आणि काही गावांत पाण्यात दिसेल तो प्रत्येक साप दिवड. गप्पांत मराठी नाव वापरा, नोंदीत शास्त्रीय नावही लिहा.

15. कुंडीतल्या मातीत गांडुळासारखा पण चकचकीत प्राणी निघाला, हा साप आहे का?

कोरडा, काळसर चमकदार, जीभ बाहेर काढतोय आणि शेपटीच्या टोकाला बारीक काटा असेल तर वाळा, पूर्ण बिनविषारी. सगळ्या माद्याच असतात, नराशिवाय अंडी घालतात, म्हणून एक कुंडी पुरते पसरायला.

कोकणात, घाटात पावसाळ्यात ओलसर, बुळबुळीत, अंगावर वळ्या असलेला आणि गांडुळापेक्षा बराच जाड निघाला तर देवगांडूळ असू शकतो. तो साप नाही, गांडूळही नाही, बेडकांचा बिनपायाचा नातेवाईक आहे. डोळा कातडीखाली अंधुक दिसतो आणि डोळा-नाकपुडीच्या मधे छोटी शुंडिका, म्हणजे सोंडेसारखा बारीक अवयव, असते. तोंड उघडतो, जबडा आहे, गांडुळाला तो नसतो. त्याला परत ओल्या मातीत सोडा, उन्हात ठेवून फोटोसेशन नको, कातडी वाळली की मरतो.

16. साप चावलाय, फोटो पाठवतो, लवकर ओळखून सांगा.

ओळखायच्या नादाला लागू नका, 108 ला फोन करा आणि दवाखान्यात निघा. आपल्याकडचं प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर एकच आहे, त्यामुळे चौघांतला कोणता हे कळलं नाही म्हणून उपचार अडत नाही. डॉक्टर लक्षणं बघतात, रक्त वीस मिनिटांत गोठतं का ते काचेच्या नळीत बघतात, त्यावर ठरवतात. साप मारून पिशवीत नेऊ नका, त्यात दुसरा माणूस चावून घेतो. अंगठ्या, बांगड्या काढा, चावलेला अवयव हलवू नका, आवळून बांधू नका, चिरा देऊ नका. आणि "सूज नाही, दुखत नाही म्हणजे बिनविषारी" असं तर अजिबात नाही, मण्यारीच्या चाव्याची खूणसुद्धा नीट दिसत नाही. आधीच कोणी लांबून फोटो काढला असेल तर डॉक्टरांना दाखवा, तेवढा पुरे.

17. पुस्तकात कशाशीच जुळत नाही. नवीन प्रजाती सापडली का?

आधी बघा पिल्लू आहे का. धामणीच्या पिल्लांना पट्टे असतात, गवत्याच्या पिल्लाच्या मानेवर काळी खूण आणि पिवळा रंग असतो, आणि बऱ्याच पुस्तकांत फक्त मोठ्याचा फोटो असतो. मग बघा कात टाकायला आलाय का, रंगदोष आहे का (पांढरे नाग दरवर्षी निघतात), शेपूट तुटून परत आलंय का, पालींत ते नेहमीचं आहे. मग बघा पुस्तक जुनं आहे का.

एवढं करून उरलं तर शक्यता असतेच, सह्याद्रीत अजून नव्या जाती नोंदल्या जातात. आंबोलीचा भेक, झॅन्थोफ्रायनी टायगेरिना, 2009 मध्ये नोंदला गेला, म्हणजे त्याआधी छापलेल्या कुठल्याही पुस्तकात तो सापडणारच नाही. पण नवी जात फोटोवर ठरत नाही, मोजमापं, जनुकं, आवाज, नमुना सगळं लागतं आणि परवानगीशिवाय नमुना गोळा करता येत नाही. तुम्ही चांगले फोटो, रेकॉर्डिंग, नेमकी जागा आणि तारीख जपून ठेवा आणि त्या गटावर काम करणाऱ्या संशोधकाला किंवा मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीसारख्या (बीएनएचएस) संस्थेला पाठवा. सार्वजनिक नोंदीत नेमकं ठिकाण लपवायची सोय असते ती वापरा, दुर्मिळ प्राण्याचं लोकेशन उघडं टाकलं की पुढच्या शनिवारी तिथे कॅमेरे घेऊन गर्दी होते आणि दगड न दगड उलटा केलेला असतो.

18. नाव "कदाचित" लावून नोंद केली तर चालेल का?

चालेल काय, तशीच करा. "कवड्या, कदाचित, कण्याची रांग दिसली नाही" ही नोंद पाच वर्षांनी कोणी तरी तपासू शकतो. नुसतं "कवड्या" लिहिलेलं तपासता येत नाही. बेडकांत तर माझ्या वहीत अर्ध्याहून जास्त ओळी कुळावरच थांबलेल्या आहेत.